इंजिन सुरू केल्यावर आठ मिनिटांनी गार होणारा एसी : एका गाडीचा प्रकरण अभ्यास

तक्रार

सात वर्षे वापरलेल्या एका छोट्या पेट्रोल गाडीचा एसी इंजिन सुरू केल्यावर लगेच गार हवा देत नाही, अशी तक्रार घेऊन गाडीचे मालक माझ्याकडे आले, तेव्हा त्या एकाच तक्रारीपायी दोन उन्हाळ्यांत दोनदा गॅस भरून झाला होता, गॅसमधली उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर धुऊन झाला होता आणि केबिन फिल्टरही बदलून झाला होता. एसी बंद पडलेला नव्हता. एकदा गार व्हायला लागला की तो इतका गार होई, की मागच्या आसनावरचे लोक ब्लोअर कमी करायला सांगत. अडचण होती ती फक्त सुरुवातीच्या काही मिनिटांची. कधी पाच, कधी आठ, एकदा तर बारा मिनिटे जाळीतून साधी, किंबहुना कोमट हवा येत राही आणि मग एकाएकी ती गार होई. शिवाय हे रोजचे नव्हते. काही दिवस एसी बटण दाबताच गार होई, काही दिवस अजिबात होत नसे. मालकांच्या शब्दांत सांगायचे तर "याला लहर आली की हा गार होतो."

यंत्राच्या बाबतीत कोणी लहर हा शब्द वापरला की मी त्याचा अर्थ 'अजून न सापडलेली अट' असा घेतो. त्यामुळे गाडीला हात लावण्याआधी मी मालकांना दोन आठवडे एक वही ठेवायला सांगितले. प्रत्येक वेळी इंजिन सुरू करताना चार गोष्टी लिहायच्या होत्या : त्याआधी इंजिन किती वेळ बंद होते, बंद करण्याआधी गाडी किती चालली होती, गाडी उन्हात उभी होती की सावलीत, आणि हवा गार व्हायला किती मिनिटे लागली. माणूस नेटका होता. त्यांनी एकही फेरी न चुकवता नोंदी केल्या आणि काही नोंदींच्या पुढे समासात आपले शेरेही लिहिले. त्यांतला एक शेरा पुढे फार कामाला आला.

वहीने काय दाखवले

वही चाळताना पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की सकाळच्या पहिल्या फेरीला एसी एकदाही रेंगाळला नव्हता. त्यात नवल नाही, सकाळी हवाच गार असते, असे कोणीही म्हणेल. पण दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी होती. गाडी दिवसभर, म्हणजे आठ-नऊ तास, भर उन्हात उभी राहिली आणि संध्याकाळी सुरू केली, तेव्हाही एसीने लगेच काम सुरू केले होते. आत बसवत नाही इतकी केबिन तापलेली असे, स्टिअरिंगला हात लावता येत नसे, तरी जाळीतून येणारी हवा मिनिटभरात गार होई. उशीर होई तो भलत्याच वेळी : गाडी अर्धा-पाऊण तास चालवून कुठेतरी पंधरा ते चाळीस मिनिटे थांबवली आणि पुन्हा सुरू केली, की हमखास. त्या वेळी गाडी सावलीत होती की उन्हात, याने फारसा फरक पडत नव्हता.

माझ्या मते या प्रकरणाचा निम्मा उलगडा इथेच झाला होता. केबिनमधल्या उष्णतेमुळे एसीला उशीर होत असता, तर दिवसभर उन्हात तापलेल्या गाडीत तो सर्वांत जास्त व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तिथे तो शून्य होता. याचा अर्थ हा उशीर केबिनच्या उष्णतेमागे जात नव्हता, तो बॉनेटखालच्या उष्णतेमागे जात होता. आठ तास उभ्या असलेल्या गाडीची केबिन कितीही तापलेली असली तरी इंजिन निवलेले असते. उलट चांगली चाललेली गाडी थांबवली की पाण्याचा पंप, रेडिएटरचा पंखा आणि समोरून येणारा वारा हे तिन्ही थांबतात, पण इंजिनच्या धातूत साठलेली उष्णता कुठेच जात नाही. ती हळूहळू वर आणि बाजूला पसरते आणि बॉनेटखालचे तापमान इंजिन बंद केल्यानंतर काही काळ उलट वाढत जाते. नेमक्या याच काळात सुरू केलेल्या गाडीत एसी अडत होता.

समासातला तो शेरा होता : "आज पुन्हा गतिरोधक ओलांडताना गार झाला." असे तीनदा लिहिलेले होते. मालकांनी तो योगायोग म्हणून लिहिला होता.

आधीच्या दुरुस्त्या आणि त्यांनी वाढवलेला गुंता

आधीच्या दोन्ही वेळी 'गॅस कमी झाला आहे' असे निदान झाले होते. ते अगदीच निराधार होते असे मी म्हणणार नाही, कारण गॅस कमी असला की गारवा उशिरा आणि अपुरा येतो हे खरेच आहे. मात्र दोन्ही वेळी गॅस किती शिल्लक आहे हे मोजले गेले नव्हते. एसी बंद असताना गेज लावून 'दाब कमी दिसतो' असे म्हणणे म्हणजे मोजणे नव्हे. या गाडीत आर-१३४ए हा गॅस आहे. बंद प्रणालीत त्याचा थोडासा जरी भाग द्रवरूपात असेल तर दाब किती असेल हे केवळ तापमानावर ठरते, मात्रेवर ठरत नाही. ३० अंश सेल्सिअसला तो गेजवर साधारण ९७ पीएसआय (हे दाबाचे एकक) असतो, मग आत ४५० ग्रॅम गॅस असो की ३०० ग्रॅम. मात्रा कळण्याचा खात्रीचा मार्ग एकच : यंत्राने सगळा गॅस काढून घ्यायचा आणि तो तोलायचा.

दुसरी अडचण अधिक गमतीची होती. गाडी तपासायला नेली की ती तिथे तासभर रांगेत उभी राही, मग कोणीतरी येऊन बॉनेट उघडे, आणखी काही वेळाने इंजिन सुरू केले जाई आणि एसी झटकन गार होई. तपासणीसाठी बॉनेट उघडणे हाच या दोषावरचा तात्पुरता उपाय होता, हे तेव्हा कोणाच्या लक्षात येण्यासारखे नव्हते. त्यामुळे गॅस भरून झाल्यावर 'बघा, आता लगेच गार झाला' असे दाखवताही येत होते आणि दाखवणारा खोटेही बोलत नव्हता.

मी आधी गॅस काढून तोलला. यंत्राने ६१० ग्रॅम दाखवले. बॉनेटखालच्या पट्टीवर ४८० ग्रॅम हा आकडा छापलेला होता. म्हणजे कमी तर नाहीच, सव्वाशे ग्रॅमहून जास्त गॅस आत कोंबलेला होता. जादा गॅस कंडेन्सरमध्ये द्रवरूपाने साठून राहतो, वाफेचे द्रवात रूपांतर व्हायला जी जागा लागते ती अडवतो आणि त्यामुळे उच्च दाब, म्हणजे गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब, वाढतो. या गाडीत बाहेर ३४ अंश तापमान आणि इंजिन उभ्या गाडीत नुसते चालू, अशा स्थितीत उच्च दाब २९० पीएसआयच्या आसपास होता. निर्वात करून पट्टीवर लिहिल्याप्रमाणे ४८० ग्रॅम भरल्यावर तो २२५ वर आला. काढलेला गॅस हवेत सोडून देण्याची सवय अजून अनेकांना आहे. हा गॅस ओझोनला अपाय करत नसला तरी वातावरण तापवण्याच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक भारी आहे, तेव्हा तो यंत्रातच परत घेतला पाहिजे, एवढे जाता जाता नोंदवतो.

गॅस योग्य मात्रेत आल्यावर गाडी मुद्दाम तशीच परत दिली, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तिचा परिणाम पाहायचा, हा नियम मोडला की शेवटी कशाने काय झाले हे कळत नाही. आठवडाभराने वही पुन्हा पाहिली. गारवा किंचित सुधारला होता. उशीर होता तेवढाच राहिला होता.

पायरी आणि उतार

उशिरा मिळणाऱ्या गारव्याचे दोन आकार असतात आणि ते ओळखायला मधल्या जाळीत खोचलेला एक साधा थर्मामीटर आणि घड्याळ पुरते. एका प्रकारात जाळीतल्या हवेचे तापमान पहिल्या मिनिटापासूनच उतरू लागते, पण सावकाश उतरते. गॅस खरोखर कमी असणे, कंडेन्सरचा पंखा हळू फिरणे, पट्टा घसरणे, गरम-थंड हवेची मिसळ करणारी आतली झडप पूर्ण न मिटणे, किंवा केबिन फारच तापलेली असणे, या सगळ्यांचा आलेख असा उतारासारखा असतो. दुसऱ्या प्रकारात तापमान काही काळ जागचे हलतच नाही आणि मग एकदम कोसळते. हा आलेख पायरीसारखा दिसतो. पायरीचा अर्थ सरळ आहे : तोवर कॉम्प्रेसर फिरतच नव्हता.

मी मालकांबरोबर चाळीस मिनिटे गाडी चालवली, पंचवीस मिनिटे बॉनेट बंद ठेवून थांबवली आणि मग सुरू केली. जाळीतली हवा सुरू करताना ४१ अंश होती, तीन मिनिटांनी ४० आणि सहा मिनिटांनीही ४० च. सातव्या मिनिटाला, रस्त्यावरच्या एका खड्ड्यातून चाक गेले त्याच क्षणी, इंजिनचा आवाज किंचित खाली बसला आणि सुई निघाली. दीड मिनिटात १५, तीन मिनिटांत ९. इतकी स्वच्छ पायरी क्वचित पाहायला मिळते.

आता प्रश्न उरला तो एवढाच, की कॉम्प्रेसरला फिरण्याचा हुकूमच उशिरा मिळतो, की हुकूम वेळेवर मिळूनही तो पाळला जात नाही.

हुकूम आणि हुकमाची अंमलबजावणी

या गाडीतला कॉम्प्रेसर विद्युतचुंबकी क्लचचा आहे. पट्ट्याने फिरणारी पुली इंजिन चालू असेतोवर आपल्या बेअरिंगवर मोकळी फिरत असते, कॉम्प्रेसरचा दांडा मात्र स्थिर असतो. पुलीच्या पोटात तांब्याच्या तारेची एक गोल कॉइल बसवलेली असते आणि पुलीच्या तोंडासमोर, कागदाच्या काही घड्या मावतील एवढी फट ठेवून, दांड्याला जोडलेली लोखंडी प्लेट असते. कॉइलमधून वीज गेली की चुंबकत्व प्लेटला खेचून पुलीला चिकटवते, 'टक' असा आवाज होतो आणि पुलीबरोबर दांडा फिरू लागतो. वीज तुटली की प्लेटवरच्या पट्टीच्या स्प्रिंगा तिला मागे ओढून घेतात.

कॉइलपर्यंत वीज पोहोचण्याआधी ती बऱ्याच हातांतून जाते. डॅशबोर्डवरचे बटण, केबिनची हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलजवळचे (ही क्लचच्या कॉइलहून वेगळी) तापमान मोजणारे सेन्सर, गॅसच्या नळीवरचे दाबाचे सेन्सर, इंजिनचा संगणक, रिले आणि फ्यूज, यांपैकी एकानेही नकार दिला तर क्लच ओढला जात नाही. इंजिन सुरू झाल्यावर पहिली काही सेकंदे संगणक स्वतःहून एसी थांबवून ठेवतो, इंजिनचे पाणी प्रमाणाबाहेर तापले तरी थांबवतो. त्यामुळे 'गरम असताना अडतो' या लक्षणावरून पहिला संशय संगणकावर किंवा दाबाच्या सेन्सरवर जाणे स्वाभाविक होते आणि माझाही गेला. जादा गॅसमुळे दाब वाढून सेन्सर हुकूम तोडत असेल, ही शक्यता गॅसची मात्रा बरोबर केल्यावर बरीच मागे पडली होती. पण तर्काने मागे पडणे वेगळे आणि मोजून बाद होणे वेगळे.

मोजण्यात एक पेच होता. बॉनेट उघडले की दोष पळून जाणार. म्हणून गाडी गार असतानाच कॉइलच्या कनेक्टरला मल्टिमीटरच्या बारीक तारा जोडल्या, त्या बॉनेटच्या कडेने काढून काचेतून आत घेतल्या आणि कॉइलच्या तारेवर प्रवाह मोजणारा क्लॅम्पही त्याच पद्धतीने बसवून ठेवला. मग पुन्हा तीच फेरी, तोच थांबा. इंजिन सुरू करून एसीचे बटण दाबल्यावर पाच-सात सेकंदांत मीटरने १३.७ व्होल्ट दाखवले आणि क्लॅम्पने ३.० अँपिअर. जाळीतून मात्र गरमच हवा येत होती. तीन मिनिटे थांबून बॉनेट उचलले तेव्हा पुली भिरभिरत होती आणि तिच्यासमोरची प्लेट, तिच्यावरचा खडूचा ठिपका स्पष्ट दिसेल इतकी, निश्चल उभी होती. गेज लावले तर कमी दाबाची आणि उच्च दाबाची सुई एकाच आकड्यावर. कॉम्प्रेसर काहीच दाबत नसल्याची ती दुहेरी साक्ष होती.

या एका मोजणीने बटणापासून फ्यूजपर्यंत सगळे निर्दोष ठरले. कॉइलला पूर्ण व्होल्टेज मिळत होते आणि तिच्यातून प्रवाह वाहत होता, म्हणजे ती आतून तुटलेलीही नव्हती. काही कॉइलींमधली तार गरम झाल्यावर आतल्या आत तुटते आणि निवल्यावर पुन्हा जुळते. तसे असते तर प्रवाह शून्य दिसला असता. हुकूम पोहोचत होता, प्लेट तो पाळत नव्हती.

गरम कॉइल आणि रुंद फट

याच जागी थोडे थांबून आकड्यांकडे पाहणे इष्ट आहे, कारण 'क्लच झिजला' एवढे म्हणून पुढे गेले तर तो सकाळी का चालतो आणि दुपारी का अडतो, हे कळत नाही.

सकाळी गाडी गार असताना, २५ अंशाला, कॉइलचा रोध ३.६ ओहम भरला होता. दोष चालू असताना इंजिन बंद करून, कनेक्टर सोडवून लगेच मोजला तो ४.५ ओहम. तांब्याचा रोध दर अंशामागे साधारण ०.४ टक्क्याने वाढतो, हे लक्षात घेतले तर कॉइल त्या वेळी ९० अंशांच्या आसपास तापलेली होती. कॉइल स्वतःच आपला थर्मामीटर झाली होती म्हणा ना. रोध वाढला की त्याच व्होल्टेजला प्रवाह घटतो. सकाळी ३.८ अँपिअर मिळत होते, आता ३.० मिळत होते. चुंबकाची ओढ ढोबळमानाने प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे नुसत्या उष्णतेने ती सुमारे ६४ टक्क्यांवर आली होती.

पण चांगला क्लच एवढी घट सहज पचवतो, नाही तर उन्हाळ्यात कोणत्याच गाडीचा एसी चालला नसता. म्हणून इंजिन बंद करून फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, पुली आणि प्लेट यांच्यामधली फट तीन ठिकाणी मोजली. ती ०.८५, ०.९० आणि ०.९५ मिलिमीटर निघाली. या कॉम्प्रेसरसाठी ती ०.३५ ते ०.६५ मिलिमीटर असायला हवी. फट वाढली की ओढ तिच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. ०.५ च्या जागी ०.९ झाली तर उरते ती फक्त ३१ टक्के. हे गणित अगदी काटेकोर नाही, कारण लोखंडातला चुंबकीय मार्ग आपण हिशेबात धरलेला नाही, तरी त्याची दिशा बरोबर आहे : रुंद फट आणि तापलेली कॉइल एकत्र आल्या की ओढ मूळच्या जेमतेम पाचव्या हिश्शावर येते. सकाळी फट तेवढीच रुंद असते, पण कॉइल गार असल्यामुळे ओढ स्प्रिंगांना कशीबशी हरवते. दुपारी ती हरवू शकत नाही. दोन्हींपैकी एकच उणीव असती तर मालकांना कधी काही जाणवलेही नसते.

गतिरोधकाचाही उलगडा यातूनच होतो. प्लेट एकदा पुलीला टेकली की फट जवळजवळ शून्य होते आणि धरून ठेवायला लागणारी शक्ती खेचून आणायला लागणाऱ्या शक्तीपेक्षा कितीतरी कमी पुरते. अडते ते फक्त पहिल्या ओढीला. गाडी चालू लागली की समोरच्या वाऱ्याने कॉइल हळूहळू निवत जाते, ओढ सीमेवर येऊन ठेपते, आणि अशा वेळी एखादा धक्का बसला, प्लेट स्प्रिंगांवर केसभर पुढे डोलली, की ती खेचली जाते आणि मग सुटत नाही. मालकांनी योगायोग म्हणून लिहिलेली ती नोंद वहीतली सर्वांत नेमकी नोंद होती.

याची शहानिशा करायला एक प्रयोग केला, आणि त्यात मला अजूनही मजा वाटते. गाडी पुन्हा तापवून इंजिन बंद केले, किल्ली काढून घेतली आणि मध्ये फ्यूज असलेल्या तारेने कॉइलला थेट बॅटरीची वीज दिली. प्लेट हलली नाही. मग पट्ट्यापासून बोटे दूर ठेवून अंगठ्याने प्लेट अगदी हलकेच दाबली. टक. अंगठा काढला तरी ती पुलीला घट्ट चिकटून राहिली, हाताने फिरवून फिरेना. वीज तोडून पुन्हा दिली, पुन्हा प्लेट जागची हलली नाही. इंजिन बंद असताना बॅटरीचे व्होल्टेज साडेबाराच्याही खाली असल्यामुळे ही परीक्षा नेहमीपेक्षा कडक होती, हे खरे. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडीवर, त्याच बॅटरीने, तीच परीक्षा घेतली. पाचही वेळा प्लेट स्वतःहून ओढली गेली. इंजिन चालू असताना लाकडी दांड्याने प्लेट ठोकून पाहण्याची युक्ती काही कारागीर करतात. फिरत्या पट्ट्याशेजारी हात घालण्याचा तो प्रकार आहे, आणि जे इंजिन बंद ठेवून समजते त्यासाठी तो करण्याचे काहीच कारण नाही.

दुरुस्ती

दुरुस्तीला सांगण्यासारखे फारसे काही नाही. प्लेटचा मधला बोल्ट काढला, प्लेट उतरवली, दांड्यावर बसवलेल्या दोन पातळ चकत्यांपैकी ०.४ मिलिमीटर जाडीची काढून टाकली आणि प्लेट पुन्हा बसवली. या चकत्यांना शिम म्हणतात आणि फट ठरवण्यासाठीच त्या दिलेल्या असतात. प्लेटचा आणि पुलीचा चेहरा तपासला. झीज सगळीकडे सारखी होती, जळाल्याचे निळे डाग नव्हते, पुलीचे बेअरिंग आवाज न करता फिरत होते. फट पुन्हा मोजली तेव्हा तिन्ही ठिकाणी ०.४५ ते ०.५५ मध्ये भरली. वीज नसताना पुली हाताने फिरवून ती प्लेटला कुठे घासत नाही, याची खात्री केली. फट गरजेपेक्षा कमी झाली तर प्लेट सतत घासून तापते आणि नवाच दोष उभा राहतो. गॅसच्या नळ्यांना हात लावावा लागला नाही.

फट एवढी वाढली कशी, याचे उत्तर बव्हंशी वयात आहे. प्लेट ओढली जाते त्या प्रत्येक वेळी ती क्षणभर घसरते आणि दोन्ही चेहरे अणुमात्र झिजतात. सात वर्षांत असे किती हजार वेळा झाले असेल याची मोजदाद नाही. मात्र जादा भरलेल्या गॅसने यात भर घातली असणार, असे माझे मत आहे. उच्च दाब वाढला की कॉम्प्रेसर फिरवायला अधिक जोर लागतो आणि क्लच जोडला जाताना अधिक घसरतो. म्हणजे उशिराचा इलाज म्हणून जे दोनदा केले गेले त्याने उशिराचे मूळ कारणच बळावले असावे. हे मला सिद्ध करता येणार नाही, कारण पहिल्यांदा गॅस भरण्याआधीची फट कोणी मोजलेली नाही.

नंतरच्या नोंदी

पुन्हा तीच फेरी, तोच पंचवीस मिनिटांचा थांबा. सुरू करताना जाळीतली हवा ४२ अंश होती, मिनिटभराने २३, तीन मिनिटांनी ११, सहा मिनिटांनी ८. पायरी गेली होती, तिच्या जागी एक सरळ, वेगाने उतरणारी रेघ होती. पुढच्या महिन्यात मालकांनी केलेल्या नोंदींत गरम इंजिनावर सुरू केलेल्या एकाही फेरीला दीड मिनिटाहून अधिक उशीर नव्हता.

एक तक्रार मात्र त्यांनी नव्याने केली. दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीत जाळीतली हवा गार येते, तरी बसायला सुखद वाटायला सात-आठ मिनिटे लागतात. पूर्वी मोठ्या उशिराच्या आड हा छोटा उशीर त्यांना दिसतच नव्हता. यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही. काचा बंद करून उन्हात उभ्या असलेल्या गाडीतली हवा ६० अंशांच्याही वर जाते आणि डॅशबोर्ड त्याहून तापतो. हवा बदलणे सोपे असते, पण डॅशबोर्ड, आसने आणि छत यांत साठलेली उष्णता बाहेर काढायला वेळ लागतोच. पहिले मिनिटभर काचा उघड्या ठेवून गाडी चालवावी, तापलेली हवा बाहेर जाऊ द्यावी, मग काचा लावून आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबावे, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी तेही वहीत लिहून घेतले.

ज्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला असा क्लच नसतो आणि संगणकाच्या हुकमाने दाबण्याची मात्रा आतच कमी-जास्त होते, त्यांत ही फट नसते, त्यामुळे वर सांगितलेले काहीच तिथे लागू होत नाही. तिथेही सुरुवातीला गारवा न येण्याची तक्रार येते, पण संशय आधी मात्रा ठरवणाऱ्या व्हॉल्व्हवर घ्यावा लागतो, आणि त्या तक्रारीचा आलेख बहुधा उताराचा असतो.

या गाडीच्या दांड्यावर आता ०.१ मिलिमीटरची एकच शिम उरली आहे. झीज थांबलेली नाही, ती चालूच राहणार. पुढे फट ०.७५ च्या पलीकडे गेली तर ही चकती काढूनही भागणार नाही, प्लेट आणि पुली बदलावी लागेल. म्हणून दर उन्हाळ्याआधी, गार इंजिनावर, फीलर गेजने फट तीन ठिकाणी मोजायची आणि आकडा वहीत तारखेसह लिहायचा, असे ठरले आहे. पहिली नोंद ०.४५, ०.५०, ०.५५ अशी आहे.